वैशाखात देवळाला कुलूप नको

प्रति,
तिवसा, चांदूर रेल्वे आणि मोर्शी तालुक्यांतील सर्व देवस्थान समित्या, श्रीगुरुदेव सेवा मंडळे, बौद्ध विहार समित्या, मशिदी-दर्ग्यांच्या कमिट्या, महानुभाव आश्रम आणि भजनी मंडळे यांस,

जय गुरु, रामराम, जय भीम, सलाम आणि दंडवत प्रणाम.

मी तिवसा तालुक्यातल्या एका गावची शेतकरीण. घरची साडेचार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी, तूर आणि सोयाबीन. गावच्या महिला भजनी मंडळात मला बावीस वर्षे झाली. मारोती देवस्थानाच्या समितीवर सहा वर्षे आहे. समितीत अकरा जण, त्यात बाई मी एकटी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ज्या चुकीबद्दल लिहिणार आहे तिच्यावर माझीही सही आहे.

गेल्या वैशाखातली गोष्ट. नवतपा अजून लागायचा होता. गावातल्या पाच-सहा मजूर बाया सकाळी सहाला पऱ्हाटीची धसकटे वेचायला गेल्या होत्या. साडेअकराला काम सुटले. बाकीच्या आपापल्या घरी वळल्या. एकीचे घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणून ती मारोतीच्या देवळाकडे आली. घोटभर पाणी प्यावे, घटकाभर टेकावे, मग पुढे जावे, एवढाच तिचा विचार. सभामंडपाच्या चॅनल गेटला कुलूप होते. दानपेटी दोनदा फुटली, तेव्हापासून आम्ही दुपारी अकरा ते चार कुलूप लावतो. पाण्याचा नळ आतल्या अंगाला. ती बाहेर पायरीवर बसली. पायरी ग्रॅनाइटची, समोर सगळे अंगण पेव्हर ब्लॉकचे, डोक्यावर काही नाही. एक वाजता बकऱ्या घेऊन जाणाऱ्या पोराला ती आडवी पडलेली दिसली. अंग तव्यासारखे तापलेले, घाम बंद झालेला, बोलणे भलतेच. ऑटोत टाकून तिला दवाखान्यात नेले.

ती वाचली. पण आता तिला शेतात जाववत नाही. ऊन चढले की घेरी येते, आणि रोजी बुडते. तिची सासू मला भेटली तेव्हा भांडली नाही, नुसते विचारले, "माय, देवाले चोराचं भेव हाये, आन् माह्या सुनेले उन्हाचं. मंग कुलूप कोनासाठी हाये वं?"

मला उत्तर देता आले नाही. म्हणून हे पत्र.

ती ज्या पायरीवर बसली तिथे २०१९ पर्यंत कडुनिंबाचा पार होता. माझ्या सासूबाई सांगायच्या की त्या लग्न होऊन आल्या तेव्हाही ते झाड एवढेच होते. गावच्या पंचायती त्या पाराखाली झाल्या, पेरणीच्या गोष्टी तिथे झाल्या, पोळ्याला बैल त्याच्याच सावलीत उभे राहिले. मग देवळाच्या परिसराच्या सुशोभीकरणाचा निधी आला. झाड कोणी तोडले नाही. फक्त पार काढला, जमीन सपाट केली आणि बुंध्याला भिडतील असे ब्लॉक बसवले, भोवती सिमेंटची कड केली. मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते, हे आम्ही शेतकरी असून आमच्या ध्यानात आले नाही. वखरणी, डवरणी आपण कशासाठी करतो? पिकाच्या मुळाशी माती मोकळी राहावी म्हणून. तेच आम्ही देवाच्या झाडाला दिले नाही. पहिल्या वर्षी शेंड्याच्या फांद्या उघड्या पडल्या. दुसऱ्या वर्षी एक अंग वाळले. तिसऱ्या चैत्रात पालवीच फुटली नाही. त्या पाडव्याला गुढीची डहाळी आणि खायचा पाला आम्ही शेजारच्या गावातून आणला. माझ्या आठवणीत असे कधी झाले नव्हते. पुढे वाळलेले झाड अंगावर पडेल म्हणून ते काढले.

ठरावाच्या वहीत खाली माझी सही आहे. मी वाचून केली होती.

त्यानंतर मी नजर ठेवून पाहते. भजनाच्या निमित्ताने वीस-पंचवीस गावे फिरणे होते. जिथे जाते तिथे हेच. मातामायच्या निंबाला सिमेंटचा गळफास, विहाराच्या अंगणातल्या पिंपळाला टाइल्सचा चौथरा, दर्ग्याच्या चिंचेखाली फरशी. सगळीकडे श्रद्धेनेच केलेले. देवाचे अंगण स्वच्छ दिसावे, चप्पल चिखलात जाऊ नये, एवढीच इच्छा. आणि त्याच अंगणात मे महिन्यात दुपारी कोणी उभे राहू शकत नाही.

शेतातले तर तुम्हीही भोगत आहात. लहानपणी पाऊस लांबला की आमच्याकडे धोंडी निघायची. पोरे अंगाला कडुनिंबाचा पाला बांधत, दांड्याला बेंडूक लटकवत, घरोघरच्या बाया त्यांच्यावर पाणी ओतत आणि पसाभर दाणे देत. मशिदीतले लोक गावाबाहेर मैदानात जाऊन पावसासाठी नमाज पढत. पाऊस यावा, हे मागणे सगळ्यांचे एकच होते. आता काय मागावे तेच कळत नाही. मृग कोरडा जातो, पेरलेले करपते, दुबार पेरणी करतो. आणि जुलैत एका रात्रीत एवढा कोसळतो की वर्धा नदी उलटून शेतात येते आणि माती घेऊन जाते. सोयाबीन कापणीला आले की पुन्हा झड लागते आणि शेंगेतल्या दाण्याला उभ्या झाडावर कोंब फुटतात. मोर्शी-वरुडकडच्या सोयऱ्यांच्या संत्र्याची फळगळ पाहा. बोअर खाली खाली गेले, पाणी नाही आणि वर ऊन असे की आंबिया बहार झाडावर टिकत नाही.

माझी लेक नागपूरला शिकते. तिने मला याचे कारण सोपे करून सांगितले आणि ते मला पटले, म्हणून तुम्हालाही सांगते. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. म्हणजे तापलेली हवा जमिनीतून, झाडातून, तलावातून पाणी शोषते आणि बराच वेळ अडवून ठेवते. सोडते तेव्हा मात्र एकदम सोडते. खंड आणि ढगफुटी हे एकाच आजाराचे दोन झटके आहेत. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून माणसाने हवेत जो कर्बवायू साठवला, त्याने ही उष्णता धरून ठेवली आहे. २०२४ साली सगळ्या पृथ्वीचे सरासरी तापमान कारखानदारीच्या आधीच्या काळापेक्षा दीड अंशाहून जास्त भरले. पूर्ण वर्षभर असे पहिल्यांदाच झाले. नागपूरने तर २०१३ च्या मे महिन्यातच ४७.९ अंश पाहिले होते. दीड अंश ऐकायला थोडे वाटते. पण अंगात दीड अंश ताप चढला तर आपण खाटेवरून उठत नाही.

तुम्ही म्हणाल, हे कलेक्टरसाहेबांना लिहा, आम्हाला कशाला? त्यांनाही लिहिते. पण गावात काय चालते ते मला दिसते. ग्रामसभेला कोरम भरत नाही, सचिवाला घरोघर निरोप धाडावा लागतो. आणि काल्याच्या कीर्तनाला बोलावणे नसताना आख्खे गाव येते. शेतकी खात्याचा माणूस धुरे, म्हणजे शेताचे बांध, जाळू नका म्हणून पत्रक वाटतो, ते पत्रक पानठेल्यावर राहते. तेच महाराजांनी कीर्तनात सांगितले तर बाई घरी जाऊन नवऱ्याला सांगते. आपल्या लोकांना एकत्र बसवणारी जागा आता तुमच्याशिवाय उरली नाही. गावातली मोक्याची जमीन तुमच्याकडे, पक्के छत तुमच्याकडे, जुनी विहीर बहुतेक तुमच्याच आवारात, भोंगा तुमच्याकडे, आणि दर वर्षी न चुकता जमणारी वर्गणीही तुमच्याकडे.

आणि आपला तालुका काही साधा नाही. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारले ते याच मातीत. त्यांनी सामुदायिक प्रार्थना दिली, म्हणजे गावाने मिळून बसायचे आणि मिळून उठायचे. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीत मौन सुरू होते ते मी अनेकदा अनुभवले आहे. लाखो माणसे उभी असतात आणि लेकराच्या रडण्याशिवाय आवाज नसतो. पोलिसाच्या शिटीने हे होत नाही, ते आतून येते. एवढी शिस्त ज्या लोकांच्या अंगात आहे, ते लोक झाडाभोवती चार हात जमीन मोकळी ठेवू शकणार नाहीत, हे मी मानत नाही.

शेंडगावचे गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्याचे. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. देवळे बांधण्यापेक्षा त्यांनी धर्मशाळा बांधल्या. तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा, मुक्या जिवांना अभय, हाच त्यांचा धर्म होता. आज बाबा असते तर वैशाखातल्या दुपारी कुलूप लावलेल्या सभामंडपासमोर ते काय बोलले असते, याचा विचार करताना मला झोप येत नाही.

एक प्रश्न मला दर बैठकीत ऐकायला मिळतो आणि तो खरा आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. आमचे एक काकाजी आहेत, समितीचे जुने सदस्य. ते म्हणतात, "वहिनी, धूर काढला शहरानं, कारखान्यानं, परदेशानं. आमच्या घरात एक गाडी अन् दोन पंखे. आम्ही काहून सुधारायचं?" त्यांचे म्हणणे चूक नाही. भारतातल्या एका माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कर्बवायू हवेत जातो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे आणि अमेरिकेत तर १४ टनांच्या आसपास. आपल्या कोरडवाहू घराचा वाटा त्या २ टनांपेक्षाही कमीच निघेल. ज्याने पाप केले नाही त्याच्या शेतावर प्रायश्चित्त येते आहे, हा अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणूनच बोलला पाहिजे.

पण तो बोलायचा कोणी? चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे, सगळे कोळशावर. कोराडीला जगदंबेच्या दर्शनाला आपण बसने जातो, तेव्हा देवळाच्या आधी धुराडी दिसतात. ती वीज मुंबई-पुण्यालाही जाते आणि राख विदर्भात राहते. त्या राखेखालच्या गावांतही देवळे आहेत, विहार आहेत, मशिदी आहेत. त्यांनी एकत्र येऊन कोळशाऐवजी उन्हावर वीज करा असे मागितले, तर ते मागणे कोणत्या पक्षाचे म्हणून उडवून लावता येणार नाही. आपण घरचे झाड सांभाळणे आणि मोठ्यांना जाब विचारणे ही कामे बरोबरीने करायची आहेत. काकाजींना मी हेच सांगितले. शिवाय, सभामंडप उघडा ठेवल्याने अमेरिकेचा धूर कमी होणार नाही, पण आपल्या गावची बाई उन्हात पडणार नाही. हे काम आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.

जगात धर्माची माणसे या विषयावर बोलू लागली त्याला आता दशक उलटले. २०१५ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वी हे सगळ्यांचे घर आहे असे सांगणारे मोठे पत्र काढले. त्याच ऑगस्टमध्ये इस्तंबूलला अनेक देशांतले मुस्लिम विद्वान जमले आणि त्यांनी तेल-कोळसा सोडून सूर्य-वाऱ्याच्या विजेकडे वळण्याची हाक दिली, तेलाच्या श्रीमंत देशांचे नाव घेऊन. हिंदू आणि बौद्ध धर्मगुरूंचीही निवेदने त्याच वर्षी निघाली. डिसेंबरात पॅरिसला करार झाला. हे सगळे चांगलेच. पण निवेदन आपल्या मारोतीच्या पारापर्यंत पोहोचले नाही.

मला जास्त धीर येतो तो पंजाबातल्या कामाने. तिथे काली बेईं नावाची १६० किलोमीटरची नदी आहे. गुरू नानकांशी जोडलेली, म्हणून पवित्र. पण तिच्यात गावांचे, शहरांचे सांडपाणी सोडले जाई आणि ती जलपर्णीने बुजून गेली होती. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल स्वतः त्या घाणीत उतरले. मागून भक्त उतरले. कारसेवेत गुरुद्वारा बांधायला जशी माणसे येतात, तशीच नदी साफ करायला आली. वर्षानुवर्षे हाताने गाळ काढला, काठ बांधले, गावोगाव सांडपाण्याची वेगळी सोय केली. नदी वाहती झाली. त्या संतांनी नवीन काही सांगितले नाही. सेवा ही गोष्ट त्यांच्या धर्मात होतीच, त्यांनी फक्त तिची जागा बदलली. थायलंडमध्ये बौद्ध भिक्खूंनी जंगलातल्या झाडांना चीवर नेसवले. भिक्खूच्या अंगावरचे वस्त्र झाडाच्या अंगावर आले, मग त्याच्यावर कुऱ्हाड घालायला हात धजेना. आणि लांब कशाला, आपल्या शिर्डीला प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ पासून ७३ मोठ्या तबकड्या ऊन गोळा करून वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक होतो.

आपल्याकडे काय करता येईल, त्यात माझ्या मनात पहिले काम कुलपाचे आहे. चैत्र पाडव्यापासून मृग लागेपर्यंत सकाळी दहा ते पाच सभामंडप, विहाराचे सभागृह, मशिदीचा व्हरांडा उघडा ठेवा. गाभाऱ्याला कुलूप असू द्या, दानपेटी आत न्या. बाहेर दोन रांजण भरून ठेवा, त्यांना ओले फडके गुंडाळा, खिडक्यांना वाळ्याची ताटी लावा. पत्र्याखाली ऊन झिरपते, म्हणून वरून चुना मारा. पांढरा पत्रा उन्हाला परत पाठवतो. खर्च पाच-सहा डबे चुन्याचा. मजूर, फेरीवाला, एस.टी. चुकलेली म्हातारी, शाळेतून येणारी लेकरे, कोणीही येऊन टेकावे. जात-धर्म विचारायचा नाही. हे लिहावे लागते याचे मला वाईट वाटते, पण लिहिते, कारण ती बाई ज्या वस्तीतली आहे तिथल्या बायांना आमच्या देवळात दुपारी एकटे जाऊन बसायला अजूनही संकोच वाटतो. दार उघडे ठेवले म्हणजे काम संपले, असे नाही. आत या असे म्हणणारे कोणीतरी तिथे हवे.

नागपूरच्या हवामान केंद्राचा उष्णतेचा इशारा आला की सकाळी काकड्यानंतर, फजरच्या अजानीनंतर, वंदनेनंतर भोंग्यावरून सांगा. आज अकराच्या आत शेतातून परत या, एवढे वाक्य पुरे. पावसाळ्यात विजेचा इशारा मोबाइलवरच्या दामिनी ॲपवर येतो, तोही असाच सांगता येईल. झाडाखाली थांबलेला गडी आपण दर साली गमावतो.

दुसरे, झाडाखालची जमीन. बुंध्याभोवतीचे ब्लॉक उपटा. निदान चार हात जागा माती म्हणून राहू द्या. नवीन सुशोभीकरणाचा निधी आला तर आधी अट घाला की झाडाच्या विस्ताराखाली सिमेंट पडणार नाही. वृक्षारोपणाचे मी मुद्दाम म्हणत नाही. आमच्या गावात एकाच खड्ड्यात तीन पावसाळे तीन रोपे लागली, तिन्ही उन्हाळ्यात मेली. उभे आहे ते झाड आधी वाचवा. लावायचेच तर दत्तक देऊन लावा. आमच्या गावचे मशिदीचे चाचा सांगतात की हातात रोप असताना कयामत आली तरी ते लावून टाकावे, अशी पैगंबरांची शिकवण आहे. त्यांनी वजूचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतलेले, पाणी नालीत सोडणे बंद केले. पाइप फिरवून ते मागच्या पेरूच्या आणि निंबाच्या झाडांना दिले. यंदाच्या मेमध्ये गावात हिरवे अंगण होते ते मशिदीचे. आणि विहारांच्या बंधू-भगिनींना काय सांगू? दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधापूरहून आणलेल्या फांदीपासून वाढवला आहे. समुद्रापलीकडून आणून जगवणारी ही परंपरा, तिच्या अंगणातला पिंपळ टाइल्सखाली घुसमटू नये.

छताच्या पाण्याचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. आमचा सभामंडप ३० बाय ४० फूट, म्हणजे १११ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर एकट्या त्या पत्र्यावर ८९ हजार लिटर पाणी पडते. काही वाया गेले तरी ७० हजार लिटर विहिरीत उतरवता येईल. पन्हाळी, एक पाइप, गाळायला रेती-गिट्टीचा खड्डा, एवढाच पसारा. आज ते पाणी ब्लॉकवरून वाहत रस्त्यावर जाते. देणगीदारांच्या फलकावर पंखा आहे, घंटा आहे, फरशी आहे. विहिरीत उतरवलेल्या पाण्याच्या नावाने एकही देणगी नाही. ती पाटी लावा, नाव लिहायला पुढे येणारे कमी नसतात.

धुऱ्यांबद्दल कीर्तनकार महाराजांना हात जोडून विनंती. झाडांना सोयरे म्हणणारा अभंग तुम्ही प्रत्येक सप्ताहात गाता. त्याच चैत्रात, त्याच रात्री, शिवारात धुरे पेटलेले दिसतात. गवत जाळले की धुरा साफ होतो म्हणून पेटवतात आणि बोर, बाभूळ, पळस, निंबाची वितभर रोपे, तितराची अंडी, सगळे त्यात जाते. काही जण तर मोठ्या झाडाच्या बुंध्याशी काडीकचरा रचून मुद्दाम आग लावतात. सावलीने पीक बसते म्हणून. दोन-तीन वर्षे असे केले की बुंधा पोखरतो, मग वादळात झाड आपोआप पडते आणि तोडल्याचा ठपका कोणावर येत नाही. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. आमच्या रामनवमीच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी महाराजांनी हे नाव न घेता सांगितले आणि धुरा पेटवणार नाही म्हणून हात वर करायला लावले. सगळ्यांनी केले नाहीत. माझ्या दिरानेही केला नाही. पण पांदण रस्त्याच्या डाव्या अंगाचे धुरे यंदा जळाले नाहीत. मी रोज तिथून जाते, मला दिसते.

भंडाऱ्याच्या पत्रावळींचे थोडक्यात सांगते. पळसाच्या पानांची जागा चकचकीत प्लास्टिकने घेतली आणि जेवणे झाली की देवळामागे त्याचा ढीग जाळतात. एका वर्षाच्या वर्गणीतून मंडळाने पाचशे स्टीलची ताटे घ्यावी. लग्नाकार्याला भाड्याने द्यावी, पैसे वसूल होतात. आमच्या मंडळाने घेतली, घासण्याची पाळी लावली आणि पुरुषांनाही पाळीत घेतले.

एक नाजूक गोष्ट आहे, तीही लिहिते. नागपूरच्या दहनघाटांवर शेतातल्या काडीकचऱ्यापासून दाबून केलेले मोक्षकाष्ठ वापरतात. आपल्या गावात अजून उभे झाड तोडून चिता रचतात आणि पऱ्हाटी शेतात जाळतात. मोक्षकाष्ठाने मोक्ष अडतो का, हा प्रश्न गावातला माणूस तहसीलदाराला विचारणार नाही, तो तुम्हाला विचारेल. तुमच्या तोंडून निघालेला एक शब्द इथे कामाचा आहे. माझ्या सासूबाईंनी जाण्याआधी सांगून ठेवले होते की माझ्यासाठी झाड पाडू नका. आम्ही त्यांचे ऐकले. मोक्षकाष्ठ मिळाले नाही, तेव्हा घरच्या जुन्या लाकडांवर आणि गोवऱ्यांवर भागवले. सोयऱ्यांनी नावे ठेवली.

आमच्या गावात आतापर्यंत काय झाले तेही खरे सांगते. ब्लॉक उपटण्याचा ठराव दोन बैठकांत मंजूर झाला नाही. तिसऱ्या बैठकीत एवढे मान्य झाले की देवळामागच्या पिंपळाभोवतीची एक रांग काढायची. ती आम्ही बायांनी सब्बल घेऊन एका सकाळी काढली. खालची माती सिमेंटच्या पाण्याने घट्ट झाली होती, तिच्यात शेणखत मिसळले. छताच्या पाण्याचे काम दिवाळीनंतर घेऊ म्हणतात. कुलपाचा ठराव मात्र एकमताने झाला. चॅनल गेटची चावी आता माझ्याकडे आहे. सकाळी दहाला मी किंवा मंडळातली कोणी जाऊन उघडते, रांजण भरते आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत आम्ही आलटून-पालटून तिथे बसतो. कोणी कापूस निवडते, कोणी वाती वळते. दानपेटीला अजून कोणी हात लावला नाही. ती बाई परवा आली होती, सासूला घेऊन. पाणी प्यायल्या, अर्धा तास बसल्या, गेल्या.

पाडव्याच्या आधी तुमच्या समितीची, मंडळाची, कमिटीची एक बैठक याच विषयावर घ्या. ठरावाची वही सोबत ठेवा. बोलवाल तर मी एस.टी.ने येईन, दुपारची वेळ सोडून.

आपली,
एक भजनी बाई,
तालुका तिवसा, जिल्हा अमरावती